दुय्यम पुरवठादार

कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीतून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल स्थापन केली, आणि फेअरचाइल्डमध्येच विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या जेरी सँडर्स यांनी सात सहकाऱ्यांसह १९६९च्या मे महिन्यात एएमडी उभारली. परंतु नॉइस-मूर यांना नुसत्या नावावर मिळालेल्या भांडवलासाठी सँडर्स यांना अनेक उंबरठे झिजवावे लागले, आणि हा पंक्तिप्रपंच भागबाजाराने पुढेही दीर्घकाळ पाळला.

तथापि एएमडी तगली ती भागधारकांच्या कृपेपेक्षा गिऱ्हाइकाच्या सावधगिरीने. १९८१च्या आपल्या संगणकासाठी आयबीएमने इंटेलची चिप पसंत केली खरी, पण एकाच कारखान्यावर विसंबणे तिला नामंजूर असल्याने दुसरा पुरवठादार हवाच असा तिचा आग्रह पडला, आणि १९८२ साली इंटेल व एएमडी यांच्यात तंत्रविनिमयाचा करारनामा झाला. पुढे ३८६ ही चिप सिद्ध होताच इंटेलने तिचे आराखडे देण्यास साफ नकार दिला. लवाद, अपील, पुन्हा न्यायालय असा तो तंटा १९९४ पर्यंत चालला व एएमडीच्या बाजूने सुटला. मात्र निकालाची वाट न पाहता तिने १९९१ मध्येच ती चिप उकलून तिची प्रतिकृती बाजारात आणली, हे मला निकालाहून मोलाचे वाटते, कारण त्या खटाटोपात तिचा हात तयार झाला. २००३ साली तिने रूढ केलेली ६४-बिट रचना इंटेललाही स्वीकारावी लागली.

त्यानंतर एटीआय या ग्राफिक्स-चिप कंपनीच्या खरेदीचे कर्ज, कारखान्यांची फारकत, ऑस्टिनची वास्तू विकून तिथेच भाड्याने राहणे, आणि २०१५ साली दोन डॉलरांखाली उतरलेला भाग! ताळेबंद वाचून जे गुंतवणूकदार दूर झाले, त्यांना दोष देववत नाही. मुख्याधिकारी लिसा सू यांच्या कारभारात २०१७ साली ‘झेन’ रचना आली, तैवानच्या कारखान्यांची जोड मिळाली, इंटेलची पुढची कारागिरी मात्र रखडली. २०२२ साली बाजारमूल्यात एएमडीने तिला मागे टाकले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांच्या सिंहासनावर एनव्हिडिया आहे, आणि दुसरा पुरवठादार शोधणारे गिऱ्हाईकही नवे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एएमडीशी सहा गिगावॉट क्षमतेच्या चिपांचा करार केला. पण ठरलेले टप्पे पुरे झाल्यास एएमडीचे १६ कोटींपर्यंत भाग प्रत्येकी एका सेंटला घेण्याचा हक्कही त्यात लिहून घेतला. आयबीएमच्या काळी दुय्यमपण पदरात पडले होते. या वेळी त्याची किंमत भागधारकांच्या हिश्श्यातून मोजावी लागणार आहे.