संशयाला एक अपवाद

एक बाप राजाराणीपुढे उभा आहे. हातात त्याच्या मुलीला आलेले प्रेमपत्र. राजपुत्र वेडा का झाला याचे कारण आपल्याला सापडले, असे त्याला सांगायचे आहे आणि हे पत्र त्याचा पुरावा. तो मोठ्याने वाचू लागतो, मध्येच थांबून पत्रातल्या एका शब्दाला नावे ठेवतो आणि पुन्हा वाचतो. ‘हॅम्लेट’च्या दुसऱ्या अंकातला हा प्रसंग. पत्रात चार आखूड ओळींची एक कविता आहे. जिच्यासाठी ती लिहिली ती ऑफेलिया तिथे नाही, आणि लिहिणारा हॅम्लेटही नाही. आपल्या कानावर ती कविता येते ती पोलोनियसच्या आवाजात.

नाटकातली कविता वाचायला शिकायचे तर मी प्रत्येकाला याच प्रसंगापाशी आणून बसवतो. पुस्तकातली कविता आपल्याशी एकटी बोलते. नाटकातली कविता चारचौघांत बोलली जाते आणि त्या चौघांपैकी प्रत्येकाला तिच्याकडून काही हवे असते. कविता कोणाच्या तोंडी आहे, कोण ऐकते आहे, कोण ऐकायला हवे होते, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ हाती लागत नाही.

मोशीत आम्ही काही जण रविवारी नाटके वाचतो. बहुतेक जण चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांतले, शिफ्ट सांभाळून येणारे. नाटक बघायला आम्ही भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहात नाहीतर चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात जातो. वाचायला कोणाच्या तरी घरातला हॉल पुरतो. त्या वाचनातून जमलेल्या टिपणांची ही पुस्तिका आहे. ती उघडण्यासाठी आधी काही वाचलेले असावे लागत नाही.

त्या चार ओळींकडे जरा जवळून बघू. पहिल्या तीन ओळींत हॅम्लेट तिला खुशाल संशय घ्यायला सांगतो: ताऱ्यांच्या तेजावर, सूर्याच्या फिरण्यावर, खुद्द सत्यावर. चौथीत एक अपवाद मागतो, स्वतःच्या प्रेमाचा. मूळ इंग्रजीत चारही ओळींना एकच क्रियापद आहे, पण तिसऱ्या ओळीत ते कूस बदलते. आधी त्याचा अर्थ आहे ‘हे खरे नसावे असे वाटणे’. तिथे होतो ‘हे असेच असावे असे वाटू लागणे’. हा दुसरा अर्थ आजच्या इंग्रजीतून जवळजवळ गेला आहे, म्हणून इंग्रजी वाचकाला तळटीप लागते. मराठी वाचकाला ती लागत नाही. ‘त्याच्या हेतूबद्दल मला संशय आहे’ म्हणजे विश्वास उडाला. ‘त्यानेच चोरी केली असा मला संशय आहे’ म्हणजे विश्वास बसत चालला. एकाच शब्दाची ही दोन तोंडे आपण दिवसभर न अडखळता वापरतो. शेक्सपिअरच्या या ओळींसाठी मराठी हे आजच्या इंग्रजीपेक्षा जवळचे घर आहे, असे मी मनापासून मानतो.

हे मी सांगत होतो तेव्हा क्वालिटीत काम करणारा एक तरुण म्हणाला, “सर, आमच्याकडे संशय आला की पार्ट पिवळ्या ट्रेत जातो. लाल ट्रे रिजेक्टचा. पिवळा म्हणजे अजून ठरायचंय.” हॅम्लेटबद्दल इतके नेमके मी फार कमी ऐकले आहे. वडिलांचे भूत खरे की सैतानाची माया, वडिलांचा खून काकाने केला की नाही, आईला कितपत ठाऊक होते; त्याचे सगळे जग पिवळ्या ट्रेत पडून आहे. आणि पत्र मात्र बहुधा या सगळ्याच्या आधीचे, कारण बापाने बजावल्यावर ऑफेलियाने त्याची पत्रे घेणेच बंद केले होते. म्हणजे भुताने गाठण्याआधीही या माणसाची प्रेमाची भाषा संशयाचीच होती.

सूर्याबद्दल थोडे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ सालचा, हे नाटक १६००च्या आसपासचे. ज्यावर कोणी संशय घेणार नाही म्हणून हॅम्लेट जे निवडतो, तेच तेव्हा डळमळू लागले होते. आपल्याला तर सूर्याच्या फिरण्यावर संशय घ्यावाच लागतो. मग त्या तोलावर ठेवलेल्या प्रेमाचे वजन किती? १६०३च्या पहिल्या छापील प्रतीत ओळी वेगळ्या आहेत, तिथे आग पृथ्वीच्या पोटातली आहे आणि फिरतात ते तारे.

मराठीत ‘हॅम्लेट’ आले ते तुरुंगाच्या वाटेने. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या कोठडीत आगरकरांच्या हाती या नाटकाचे भाषांतर होते आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ नावाने छापून निघाले. विकारांचा खेळ: नावातच त्यांचे वाचन आहे. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे हॅम्लेट, गाजवला. नंतर नाना जोगांचे भाषांतर आले. तेच चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ साली पुन्हा रंगभूमीवर आणले.

‘विकारविलसित’ छापून निघण्याच्या तीनच वर्षे आधी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले होते. त्यातही प्रेमपत्र आहे. शकुंतला ते कमळाच्या पानावर नखाने कोरते, मैत्रिणींना स्वतः वाचून दाखवते, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो आडोशाला उभा राहून ऐकत असतो. पत्र वाचून होताच तो पुढे येतो. इथे प्रेमाचे शब्द योग्य कानी पडतात. तिकडे ते मुलीकडून बापाकडे, बापाकडून राजाकडे जातात आणि कागदपत्र होतात. माझ्या मते ‘हॅम्लेट’ची शोकांतिका तलवारी निघण्याच्या कितीतरी आधी, या वाचनात सुरू होते.

कविता म्हणून त्या ओळी फार थोर नाहीत. लिहिणाऱ्यालाही ते कळते. लगेच खाली तो गद्यात कबूल करतो की वृत्तात लिहिणे आपल्याला जमत नाही. मला ती कबुली कवितेहून जास्त प्रिय आहे, कारण तिथे तो एकदाचा तोल, उपमा, सूर्य-तारे सोडून साधा बोलतो. पोलोनियस तीही त्याच सुरात वाचून टाकतो.

तिसऱ्या अंकात ऑफेलिया त्याने दिलेल्या भेटवस्तू परत करते. हॅम्लेट आधी प्रेम होते म्हणतो, आणि दोन वाक्यांत फिरतो: तिने विश्वास ठेवायलाच नको होता. ज्या एका गोष्टीवर संशय घेऊ नको म्हणून त्याने विनवले होते, त्याच गोष्टीवर तो तिला आता संशय घ्यायला लावतो. या पुस्तिकेतले पहिले टिपण तिथून, त्या परत केलेल्या वस्तूंपासून सुरू होते. ते वाचण्याआधी चार ओळी एकदा पोलोनियससारख्या मोठ्याने वाचा, आणि एकदा मनात, ऑफेलियाने दार लावून वाचल्या असतील तशा.