गाणी भरून मिळतील

भंडारा जिल्ह्यात साकोलीला बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या टपरीवर बरीच वर्षं पाटी होती : ‘गाणी भरून मिळतील’. एमपीथ्री, जीबी असलं काही तिच्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि कुणाचं अडतही नव्हतं. आधी कोरी कॅसेट भरून आणायची, मग सीडी, मग नखाएवढं मेमरी कार्ड. भांडं बदलत गेलं, ‘भरणं’ तेच राहिलं. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, तेव्हा हिशोबही भांड्याचाच करू.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री खडी गंमत हे लोकनाट्य उभं राहतं. समजा, ही गंमत आठ तास चालली. सीडीच्या पद्धतीने आवाज साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं माप घ्यावं लागतं, तेही डाव्या-उजव्या बाजूंचं वेगवेगळं. या हिशोबाने ती एक रात्र पाच जीबीची झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या आयपॉडची सगळी जागा एवढीच होती. त्याआधी, १९९८ साली आलेल्या रिओ नावाच्या प्लेअरमध्ये तर ३२ एमबी. एमपीथ्री करूनसुद्धा जेमतेम अर्धा तास. गण-गौळणीतच भांडं तुडुंब!

हे ‘एमपीथ्री करणं’ जर्मनीतल्या एर्लांगेनचं. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाचाच एक दोष कामाला लावला. ढोलकीची थाप जोरात पडली, की त्याच क्षणीचा आणि तिच्या आसपासच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. ऐकू येत नाही तो साठवायचा कशाला? असं चाळून टाकत गेलं की सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत मूळ आवाज अकराव्या हिश्श्यावर येतो. सुझान वेगा या गायिकेचं वाद्यांविना गायलेलं ‘टॉम्स डायनर’ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीला घेतलं, तेव्हा तिचा आवाज पार बिघडून आला. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत चाळणी सुधारली गेली. ‘.mp3’ हे फाइलचं शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. आपल्याकडे मात्र शंभर-दीडशे गाण्यांच्या स्वस्त सीडीलाच लोक ‘एमपीथ्री’ म्हणू लागले.

कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढायची. एमपीथ्रीची नक्कल हुबेहूब उतरते, शंभरावी असली तरी. टपऱ्यांचा धंदा चालला तो यावरच. (कलावंताच्या हाती त्यातलं काय पडलं, हा प्रश्न पाटीवर नव्हता.)

पण चाळणी एका ठिकाणी हमखास अडखळते. एमपीथ्री आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशाएवढे तुकडे पाडतं, आणि चाळताना झालेली चूक अख्ख्या तुकड्यावर पसरते. शांततेतून एकदम ठणकणारा आवाज आला, तर तो वाजण्याआधीच बारीक फुसफुस ऐकू येते. चाळणीच्या परीक्षेला बसवायचे ते स्पॅनिश कॅस्टनेट्स, म्हणजे लाकडी चिपळ्या. आपला टाळ त्यांचाच भाऊबंद. सिनेमाच्या गाण्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. खडी गमतीत टाळच अर्धा जीव.

म्हणून माझं मत सरळ आहे. नुसतं ऐकायला १९२ किलोबिटच्या वरचं एमपीथ्री पुष्कळ झालं. त्याचा परवाना-कार्यक्रमही एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, म्हणजे आता परवान्याचीही अडचण नाही. आयपॉड २०२२ साली थांबला, त्याची हळहळ नको. मेमरी कार्डाची खाच असलेला आणि फ्लॅक वाजवणारा कुठलाही प्लेअर किंवा फोन घ्या. फ्लॅक चाळत नाही, घडी घालून ठेवतं. उलगडलं की मूळ आवाज जसाच्या तसा, जागा मात्र साधारण निम्मी.

आणि तुमसर, लाखांदूर, पवनीकडे कुणाच्या माळ्यावर दंडार किंवा खडी गंमत अशा लोकनाट्याची जुनी कॅसेट असेल, तर ती थेट एमपीथ्रीत भरू नका. आधी न चाळणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा आणि ती प्रत जपून ठेवा. वाटायला एमपीथ्री त्यातून कधीही काढता येईल. एमपीथ्रीतून गेलेला टाळ परत काढता येत नाही.