माळाची राखण

आमच्या आबांच्या गोष्टींत बीडजवळच्या मांजरसुंब्याचा चौक नव्हता, नुसता घाट होता, तोही बैलगाडीचा. निजामाचं राज्य होतं तेव्हा, म्हणजे १९४८ च्या आधी, ते बालाघाटाच्या माळावर गुरं वळायचे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सीताफळांचं डालगं डोक्यावर घेऊन बीडचा बाजार गाठायचा. ती झाडं कुणी लावली म्हणून विचारलं की हसायचे. "लावायला कशाला पायजे? पाखरानं खाल्लं, बी पडलं, कपारीत उगवलं." २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आबा नव्हते.

माळ सगळ्यांचा होता, पण मोकाट नव्हता. पावसाळा सरेपर्यंत एका अंगाला जनावर सोडायचं नाही, गवत उभं राहू द्यायचं, मग कापून वळई रचायची. नियम मोडेल त्याचं जनावर कोंडवाड्यात, वर गावभर बोभाटा. आबा हे रंगवून सांगत. आज्जी मध्येच तोडायची, "गवताचं लई झालं, सरपणाचं सांगा की." मोळीसाठी बायकांनीच झाडं तोडली, हे ती लपवत नसे. चूल पेटवायला दुसरं होतं काय? १९७२ च्या दुष्काळात दोघं खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढले. माळावर उरलंसुरलं होतं ते त्या साली जनावरांनी आणि माणसांनी मिळून संपवलं. जुन्या लोकांनी जंगल राखलं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आज्जीला ऐकायला हवं होतं.

नंतरची राखण सरकारी. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चं, तीसेक चौरस किलोमीटरचं. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं पहिलं वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्ष होता वड, त्यामुळे अध्यक्षीय भाषण टळलं. पुढे या देवराईला वणव्यानंही गाठलं. लावणं सोपं, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढत बसणं अवघड.

आता याच माळावर पवनचक्क्या फिरतात. एकेक पातं घेऊन लांबलचक ट्रेलर वळणावर आला की वाहतूक खोळंबते. मला त्या आवडतात, हे सांगून टाकतो. कोळसा जाळण्यापेक्षा बालाघाटाचा वारा केव्हाही बरा. पण वाऱ्यामागून पैसा आला आणि पैशामागून दहशत. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना मस्साजोग लागतं. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी त्याचा धागा तपासात जोडला गेला. वीज स्वच्छ असली म्हणून तिच्याभोवतीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

आबांच्या माळावर हक्क वापराचा होता, आता तो कागदाचा आहे. पवनचक्कीच्या जागेचा मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. शेळ्या घेऊन येणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून तिला विचारायला कुणी येत नाही. रस्त्यासाठी उतार कापल्यावर पहिल्या वळवाचं पाणी कुणाच्या वावरात घुसणार, हे मात्र तिला मोजणीवाल्याच्या आधी ठाऊक असतं.