ठराव कागदावर, पाणी तळ्यात : महाड शहराची तेरा वर्षे



दर वर्षी २० मार्च आला की आपल्या विहारात महाडच्या संगराची आठवण निघते. परमपूज्य बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, हे आपल्या बालवर्गातलं पोरसुद्धा सांगेल. पण ते तळं ज्या गावात होतं त्या गावाची हकिगत आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. तळ्यावर मोर्चा गेला तो दिवस एक. त्याच्या आधी आणि नंतर मिळून तेरा वर्षं एक छोटंसं तालुक्याचं गाव आपलं दार उघडत होतं, लावून घेत होतं, पुन्हा उघडत होतं. गाव सगळ्यांचं कसं होतं, हे समजून घ्यायचं असेल तर ही तेरा वर्षं नीट पाहिली पाहिजेत. म्हणून या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम महाड शहराची बाजू मांडत आहोत.

बाजाराचं गाव, पण पाणी कुठं?

महाड हे सावित्री नदीकाठचं जुनं बाजाराचं गाव. त्या वेळी जिल्हा कुलाबा. त्याचं रायगड हे नाव पुढे १९८१ साली झालं. तालुक्याची कचेरी महाडात, कोर्ट महाडात, इंग्रजी शाळा महाडात आणि आठवड्याचा बाजारही महाडातच. आजूबाजूच्या खेड्यांतल्या माणसाला महाडला आल्यावाचून गत्यंतर नव्हतं. गवताचा भारा, लाकडाची मोळी विकायची तर महाडला. पेन्शन, तक्रार, दावा, सगळं महाडला. या भागात लष्करातून पेन्शन घेऊन आलेले महार शिपाई बरेच होते. त्यांनी पलटणीत मुलूख पाहिलेला, लिहिणं-वाचणं शिकलेलं. पण महाडात आले की तेही अस्पृश्यच. गावात यायला मुभा, माल विकायला मुभा, कर भरायला तर मुभाच मुभा! घसा कोरडा पडला तर मात्र पाणी प्यायला जागा नाही. चवदार तळं गावात होतं. मुसलमान, ख्रिस्ती तिथलं पाणी घेत, गुरंढोरंही पीत. आमच्या माणसानं मात्र तहानलेलं घरी परतायचं.

याच मुलखातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. १८९५ साली सरकारनं त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली, तेव्हा वरिष्ठ जातींच्या सभासदांना ते रुचलं नाही आणि वर्तमानपत्रांतून बराच वाद झाला. म्हणजे सत्तेच्या खुर्चीजवळ आपला माणूस बसला की गावाच्या पोटात कसं दुखतं, हे महाडनं त्याच वेळी दाखवलं होतं.

पुढच्या पिढीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आले. हुशार मुलगा, स्कॉलरशिप मिळवलेली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशाला अडवणूक झाली. तक्रार केली तेव्हा कुठं प्रवेश मिळाला, तोही इतर मुलांपासून वेगळं बसण्याच्या अटीवर. याच मोऱ्यांच्या पुढाकारानं पुढे महाडात बाजाराला येणाऱ्या आपल्या लोकांसाठी चहापाण्याचं दुकान निघालं. बाजारकरी तिथं टेकत, घोटभर चहा घेत आणि सुखदुःखाच्या गोष्टी बोलत. आम्हाला वाटतं, महाडच्या क्रांतीचं पहिलं बैठकीचं ठिकाण शोधायचं तर अशाच दुकानाच्या बाकड्यावर शोधावं लागेल. ज्या गावात बसायला जागा नाही त्या गावात आधी बसायची जागा करावी लागते.

कायदे कौन्सिलचा ठराव आणि नगरपालिकेचा ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. पुढच्याच महिन्यात सरकारनं आपल्या खात्यांना तसे हुकूम धाडले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनंही आपल्या ताब्यातलं तळं खुलं केल्याचा ठराव केला.

इथं थोडं थांबून विचार करू. ठराव झाला १९२४ च्या जानेवारीत आणि पाणी प्यालं गेलं १९२७ च्या मार्चमध्ये. मधल्या तीन वर्षांत काय झालं? काहीच नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात आणि माणूस तहानलेला. कुणाची हिंमत होईना, कारण गावातल्या सवर्णांचा धाक कायम होता. इतर ठिकाणीही हीच तऱ्हा असल्यामुळे बोल्यांना ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा ठराव आणावा लागला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे हक्क देणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं. कागदाला पाय नसतात. त्याला पाय माणसांनीच द्यावे लागतात.

चाळीस रुपयांचं पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसं खांद्याला भाकरीचं गाठोडं बांधून लांबलांबून चालत आली. जागा होती वीरेश्वर थिएटरची. हजारो लोक जमले खरे, पण परिषदेच्या ठिकाणी त्यांना पाणी मिळण्याची सोय नव्हती. तेव्हा सवर्णांकडून पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं! नगरपालिकेनं तीन वर्षांपूर्वी खुलं केलेलं तळं चार पावलांवर, आणि पाहुण्यांना पाणी विकत. गावानं केलेलं हे स्वागत आपण विसरू नये.

पण त्याच गावातली दुसरी माणसंही आपण विसरता कामा नये. सुरेंद्रनाथ टिपणीस हे महाडचे नगराध्यक्ष, जातीनं कायस्थ. ते परिषदेच्या बाजूनं उभे राहिले. अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजातले कार्यकर्ते बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून होते. आपल्या समाजातले संभाजी तुकाराम गायकवाड, रा. बा. मोरे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून लोकांना जागे करत होते. परिषदेनं नुसते हक्क मागितले नाहीत. स्पृश्य समाजालाही कामं सांगितली. अस्पृश्यांना नोकरीत घ्या, त्यांच्या गरीब विद्यार्थ्यांना जेवू घाला, आपली मेलेली जनावरं आपणच पुरा. गावात शेजारधर्म कसा असावा, याचाच तो पाठ होता.

२० तारखेला चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची गोष्ट मांडली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग शिस्तीनं मिरवणूक तळ्याकडे निघाली. सगळे पाणी प्याले. नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाला त्या दिवशी पाय फुटले.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी कुणीतरी पिकवली. मंडपात जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला, अन्न मातीत गेलं, बायामाणसांनाही मार बसला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. त्या धामधुमीत अनेकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. एकाच गावात एका आळीतून लाठी निघाली आणि दुसऱ्या आळीत दार उघडलं. गाव म्हणजे एकच एक माणूस नसतो, हे आम्हाला इथं सांगायचं आहे.

दार पुन्हा बंद

नंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्र यांची एकशे आठ मडकी तळ्यात ओतून 'शुद्धी' केली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव रद्द करून टाकला. तीन वर्षं कुणी वापरला नाही तोवर ठराव सुखात होता. वापरला आणि लगेच मागं घेतला! जो हक्क नुसता कागदावर आहे त्याचं कुणालाच भय वाटत नाही. वापरला की मगच खरी परीक्षा होते.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह परिषद जाहीर केली. या वेळी महाडात जागा मिळेना. व्यापाऱ्यांनीही असहकार पुकारला, त्यामुळे शिधासामग्रीची तजवीज आधीच करावी लागली. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा मंडपासाठी दिली. ज्या भूमीवर २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं ती भूमी अशी मिळालेली आहे. दहनाचा ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी, जे जन्मानं ब्राह्मण. अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. त्या परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी फ्रान्समधल्या १७८९ च्या सभेची आठवण दिली आणि लढा केवळ पाण्याचा नसून समतेचा पाया घालण्याचा आहे, हे समजावून सांगितलं.

तळ्यावर मात्र त्या वेळी जाता आलं नाही. काही सवर्णांनी १२ डिसेंबर रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्यांचं म्हणणं असं, की हे 'चौधरी तळं' खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं न जाण्याची चाल अनादि काळापासूनची आहे. कालपर्यंत सरकारी ठरावात सार्वजनिक असलेलं तळं एकाएकी खासगी झालं! बाबासाहेबांनी लोकांची समजूत घातली, सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढून परिषद संपवली. पुढचा लढा कोर्टात.

तो चालला जवळजवळ दहा वर्षं. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टानं दावा काढून टाकला. फिर्यादी ठाण्याला अपिलात गेले, तिथं ३० जानेवारी १९३३ रोजी हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. तळं नगरपालिकेच्या मालकीचं आहे आणि अनादि काळापासूनची म्हणून सांगितलेली रूढी सिद्ध झालेली नाही, असा तो निकाल. 'पूर्वापार चालत आलंय' हे गावोगाव आमच्या तोंडावर फेकलं जाणारं उत्तर. त्याला पुरावा मागितला, तेव्हा पुरावा निघाला नाही.

२६ जानेवारी १९५० पासून भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमानं विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, दुकानं, उपाहारगृहं सर्व नागरिकांना खुली केली आणि १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. त्या १५ व्या कलमातला तलाव हा शब्द वाचताना आम्हाला तरी महाडच आठवतं. आज त्याच तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे आणि दर २० मार्चला देशभरातून माणसं महाडला येतात. ज्या गावात एके काळी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, त्या गावाची ओळखच आज जगात त्या पाण्यावरून आहे.

आपल्या वस्तीसाठी

या सगळ्या हकिगतीतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, कायदा आणि ठराव हवाच. तो नसता तर कोर्टात उभं राहायला जमीनच नव्हती. दुसरी, ठराव वापरायला माणसं हवीत, आणि ती पुष्कळ जणांनी मिळून, शिस्तीनं पुढं यायला हवीत. तिसरी गोष्ट आपण फार कमी बोलतो. आतून दार उघडणारा माणूस लागतो. महाडात नगराध्यक्ष टिपणीस होते, जागा देणारे फत्तेखान होते, मार खाणाऱ्याला घरात घेणारी ती मुसलमान कुटुंबं होती. त्यांना आपल्याच आळीचा राग पत्करावा लागला असेल, तरी ते मागं हटले नाहीत.

आता आपली पाळी आहे. आपल्या वस्तीत आज कितीतरी गावांची, कितीतरी भाषांची, वेगवेगळ्या जातीधर्मांची कुटुंबं भाड्यानं राहायला येतात. कुणाला खोली देताना आडनाव विचारलं जातं का? विहाराच्या नळावर, वाचनालयात, मुलांच्या अभ्यासिकेत परक्या पोराला संकोच वाटतो का? नवीन आलेल्या बाईला आपल्या महिला मंडळाच्या सतरंजीवर कुणी 'या, बसा' म्हणतं का? तथागतांच्या संघात नद्यांसारखे निरनिराळे लोक आले आणि समुद्रात मिळाल्यावर एक झाले, असं आपण वंदनेनंतर ऐकतो. ते ऐकणं सोपं आहे. आपल्या गल्लीत ते करून दाखवणं हीच महाडच्या माणसांना खरी मानवंदना.

विहाराचं दार तर आपण लाकडाचं केलं आहे, कडी आतून आहे. ती कुणी काढायची, हे आपणच ठरवायचं आहे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!