गलांड्याचं मूळ गाव

फुलबाजारात झेंडू-शेवंतीच्या ढिगांशेजारी गलांड्याची पोती उतरतात. हारात तो बहुधा भरणीला जातो, म्हणून त्याच्याकडे कुणी निरखून बघत नाही. एक फूल हातात घेऊन बघा. मुळाशी गर्द तांबडी, कडेला पिवळी पाकळी आणि तिच्या टोकाला तीन दाते. खरं तर ती नुसती पाकळी नाही, ते एक अख्खं वांझ फूल आहे. बी धरतात ती मधल्या गोंड्यातली बारीक फुलं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी याचीच भावकी.

आपल्याकडचा गलांडा एका हंगामाचा, मूळचा अमेरिकेचा. लुईझियानातून आलेल्या बियांवरून फूझरू द बोंदारॉय या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं 1786 मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि वनस्पतिशास्त्राला हात देणाऱ्या गायार नावाच्या न्यायाधीशाच्या मानार्थ त्याला ‘गेलार्डिया’ म्हटलं. आपला ‘गलांडा’ त्यातूनच आला.

पण या घराण्यातला चिवट गडी वेगळाच. गेलार्डिया अरिस्टाटा हा रॉकी पर्वताच्या कोरड्या उतारांवर आणि उत्तरेला कॅनडाच्या माळरानापर्यंत उगवणारा रानगलांडा. तो वर्षानुवर्षं टिकतो. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो, मूळ जमिनीत खोल तग धरून राहतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. पानांवर दाट लव असते, त्यामुळे ऊन-वाऱ्यात ओल लवकर उडत नाही. कोलोरॅडोत एक पतंग याच फुलाच्या आधारानं जगतो. त्याचं डोकं पिवळं, पंख किरमिजी. फुलावर बसला की पतंग कुठे संपतो आणि फूल कुठे सुरू होतं, कळत नाही.

या रानगलांड्याची कागदोपत्री नोंद 7 जुलै 1806 ची. अमेरिकन सरकारच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मेरिवेदर लुईसनं त्या दिवशी आजच्या मोंटाना राज्यातली खिंड ओलांडली आणि तिथल्या कोरड्या टेकड्यांवर हे फूल खुडून कागदात दाबलं. पुढे फ्रेडरिक पर्श यानं त्या नमुन्यांवरून लंडनमध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. 1813 च्या अखेरीस तो बाहेर पडला आणि त्यात या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं. बियांवरच्या कुसळांवरून ‘अरिस्टाटा’.

बागकामाच्या पुस्तकांत गोष्ट इथूनच सुरू होते, आणि ते मला खटकतं. त्या मुलखातल्या ब्लॅकफूट लोकांना हे झाड कधीचं माहीत होतं. खोगीर घासून घोड्याच्या पाठीला जखमा झाल्या की ते त्याच्या काढ्यानं धुवायचे. अंगावर पाजणाऱ्या बाईची स्तनाग्रं चिरली तर तिलाही हाच काढा. वाळलेल्या बोंडानं ते रस्सा टिपून घेत. वर्षानुवर्षं हाताळल्याशिवाय एवढी जाण येत नाही. फूल खुडल्यानंतर वीसच दिवसांनी लुईसच्या तुकडीची ब्लॅकफूट तरुणांशी चकमक झाली आणि त्यात दोन तरुण मारले गेले. या फुलाची कुळकथा सांगताना ते दोघं वगळता येत नाहीत.

बागेतल्या गेलार्डियाची कथा त्याहून बरीच अलीकडची. 1857 च्या सुमारास बेल्जियममधल्या एका बागेत हा रानगलांडा आणि हंगामी गलांडा यांचा संकर झाला. गुणसूत्रांचे संच दुप्पट झालेला हा वाण मोठ्या फुलांचा निघाला आणि जगभरच्या वाफ्यांत पसरला. रोपवाटिकेत तो ‘बहुवर्षायू’ म्हणून विकतात, पण घरी पुष्कळदा दोन-तीन वर्षांतच जातो. दोष झाडाचा नाही. हंगामी पूर्वजाचं थोडं आयुष्य त्याच्या रक्तातच आहे, आणि त्यात आपण त्याला शेणखत घालतो, रोज पाणी देतो. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत त्याची मुळं कुजतात. थंडी तो सोसतो, ओली थंडी मात्र त्याला मारते.

म्हणून हा वाण लावायचा तर मुरमाड, उताराची, पाण्याचा निचरा होणारी जागा बघावी आणि भरपूर ऊन द्यावं. खत जवळपास नकोच. सुकलेली फुलं खुडत राहिलं की बहर लांबतो. थोडी बोंडं मात्र झाडावरच पिकू द्यावीत, म्हणजे जुनं झाड गेलं तरी शेजारी त्याची पोरं उगवलेली असतात.