जुना आजार आणि गरोदरपण : गोळी बंद नको, बदलून घ्या

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड किंवा फिट्सचा आजार असला तरी बाळंतपण सुखरूप होऊ शकते. मात्र मूल हवे असे ठरवताच डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, एनालाप्रिल आणि फिट्सची व्हॅल्प्रोएट ही औषधे बाळाला अपाय करू शकतात. त्यांना पर्याय आहेत. दिवस गेल्यावर लक्षात आले तर लगेच दाखवा, पण मनाने गोळी बंद करू नका. थायरॉईडची गोळी तर बहुधा वाढवावी लागते.

भूम, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या अनेक जणींच्या तपासण्या मध्येच सुटतात. निघण्यापूर्वी आशाताईंना कळवा. पुरेशा गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. फडाजवळच्या दवाखान्यात जा.

खूप डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, फिट किंवा रक्तस्राव झाल्यास १०८ ला फोन करा.

बाळंतपण झाले म्हणजे आजार संपला असे नाही. गरोदरपणात साखर वाढली असल्यास ६ ते १२ आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी करा आणि पुढेही ठरावीक काळाने करत राहा. रक्तदाबही मोजून घ्या.