मेथडिस्ट चर्च, महाराष्ट्रातील
मेथडिस्ट चर्च, महाराष्ट्रातील : प्रॉटेस्टंट पंथातील एक चर्च. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) याने चालविलेल्या धर्मजागृतीतून मेथडिस्ट पंथ उदयास आला. अमेरिकन मेथडिस्टांचे भारतातील कार्य विल्यम बटलर याने १८५६ मध्ये बरेली येथे सुरू केले; महाराष्ट्रात मात्र ते निराळ्या वाटेने आले.

विल्यम टेलर हा अमेरिकन धर्मोपदेशक १८७१ च्या अखेरीस मुंबईस आला. त्याचे श्रोते प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे, म्हणजे अँग्लो-इंडियन, यूरोपीय नोकरदार व रेल्वेचे कर्मचारी होते. घरोघरी भरणाऱ्या छोट्या प्रार्थनामंडळांतून १८७२ मध्ये मुंबईची मंडळी स्थापन झाली. परदेशी निधीवर अवलंबून न राहता मंडळीने आपला खर्च आपणच भागवावा, हे टेलरचे मुख्य तत्त्व होते. बाँबे गार्डियन या पत्राचे दीर्घकाळ संपादक असलेले जॉर्ज बोएन (१८१६–८८) हे त्याला येऊन मिळाले. मिशनचे वेतन नाकारून अत्यंत साधेपणाने राहणाऱ्या बोएन यांच्या ठायी हे तत्त्व मूर्त झाले होते.

मुंबई–जबलपूर लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला होता. लोहमार्गांच्या आधाराने हे कार्य पुणे, लोणावळे, इगतपुरी अशा ठिकाणी पसरले. पुण्यातील सभांतून विल्यम ओल्डम या पंथात आला. पुढे १८८५ मध्ये त्याने सिंगापूरला मेथडिस्ट कार्याचा पाया घातला. दक्षिण भारत परिषद १८७६ मध्ये व मुंबई परिषद १८९२ मध्ये स्थापन झाली.

मराठी भाषिकांमधील कार्य पुणे, तळेगाव दाभाडे, पुणतांबे इ. ठिकाणी वाढले. येथील मंडळी बहुतांशी दलित व गरीब होत्या. पगारदार रेल्वे नोकरांच्या मंडळीला पेलणारे स्वावलंबन शेतमजुरांच्या मंडळीला पेलणे कठीण होते. त्यामुळे शाळा, वसतिगृहे व प्रचारक यांसाठी परदेशी साहाय्य घ्यावे लागले. स्वावलंबनाचा आदर्श व प्रत्यक्ष परिस्थिती यांतील ही ओढाताण या चर्चच्या इतिहासात सतत दिसते.

मिशनांनी क्षेत्रे वाटून घेण्याचा संकेत पाळल्यामुळे खानदेशात मेथडिस्टांचा विस्तार फारसा झाला नाही. जळगाव–भुसावळ भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर धुळे–नंदुरबार भागात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी कार्य केले. म्हणून खानदेशातील लहान गावांची प्रॉटेस्टंट मंदिरे बहुधा अन्य मिशनांची आहेत.

स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे परदेशी गेली व इंग्रजी मंडळी रोडावल्या. मराठी उपासनेला त्यामुळे अधिक महत्त्व आले. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. एकीकरणाच्या वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी असूनही अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट ऐनवेळी त्यातून बाहेर राहिले. त्यामुळे एकाच गावी दोन प्रॉटेस्टंट मंडळी वेगळ्या राहण्याची स्थिती काही ठिकाणी टिकली. १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त झाले. टेलरने मांडलेला स्वावलंबनाचा प्रश्न अशा रीतीने एक शतकानंतर संघटनेच्या पातळीवर सुटला.